बाहेरची कडी

"कडी आतून लावू की बाहेरून?" फिटरने विचारलं, आणि घरमालकाच्या तोंडून "बाहेरून" हा शब्द इतक्या घाईने निघून गेला की फिटरने हातातलं ड्रिल खाली केलं. तसं घडलं काहीच नव्हतं. सकाळची वेळ, अंगणाच्या टोकाला नवी पांढरी कमान उभी, कमानीत छातीएवढं जाळीदार फाटक, फाटकाला अजून कडी नाही, म्हणून विचारलेला साधा प्रश्न. दिवसातून दहादा असले प्रश्न विचारणारा माणूस तो. पण याच्या मानेवर मात्र घाम आला.

"बाहेरून?" फिटर म्हणाला. "मग आतल्या माणसाने बाहेर कसं यायचं?"

"कुत्री येतात बागेत."

"कुत्र्यांना कडी कुठे काढता येते? आतून लावली तरी तेच की."

"बाहेरूनच लावा. आणि जरा खाली. इथे." त्याने फाटकावर बोट टेकवलं. जागा शोधावी लागली नाही.

"तुमचं फाटक, तुमची कडी," म्हणत फिटरने खांदे उडवले. मघापासून तो कानात अडकवलेल्या फोनवर मेव्हण्याशी कसल्याशा जुन्या गाडीबद्दल हुज्जत घालत होता, ती त्याने तुटली तिथून पुन्हा सुरू केली आणि ड्रिलही. प्लास्टिकचे पांढरे, बारीक कीस गवतावर पडायला लागले. हा ते बघत उभा राहिला. आपल्याला कुणी पकडलं नाही, याचं हायसं वाटायला हवं होतं. ते वाटेना.

तो अग्निशमन खात्यात तपासनीस होता. आग विझवणाऱ्यांतला नव्हे. आग लागायच्या आधी जाऊन नाक खुपसणाऱ्यांतला. लॉज, हॉल, क्लास, गोदामं, शिवणकामाचे कारखाने, जिथे जिथे माणसं दाटीने बसतात तिथे जायचं, जिने बघायचे, वायरी बघायच्या, आणि मुख्य म्हणजे दारं बघायची. दार ढकललं की उघडलं पाहिजे. नोकरीभर त्याने हे एकच वाक्य शेकडो मालकांना ऐकवलं होतं: "दार आतून उघडलं पाहिजे, आणि उघडायला कुणाला विचारावं लागता कामा नये." मालक हसायचे, चहा मागवायचे, अमुक तमुक साहेबांची ओळख काढायचे. हा चहा घ्यायचा नाही आणि वाक्यही बदलायचा नाही. ऑफिसात त्याचं नावच कडीसाहेब पडलं होतं. बदली होऊन आलेल्या एक बाई बरेच दिवस ते त्याचं आडनाव समजत होत्या आणि एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी त्याला 'मिस्टर कडी' अशी हाक मारली होती. सगळे हसले तेव्हा तोही हसला, पण खरं सांगायचं तर त्याला ते नाव आवडायचं. माणसाला आपलं म्हणावं असं एखादं तरी वाक्य लागतं, आणि त्याच्याकडे ते होतं. आता तोच माणूस स्वतःच्या अंगणात उभा राहून बाहेरची कडी बसवून घेत होता. कारण फाटक कुत्र्यांसाठी नव्हतंच. फाटक आईसाठी होतं.

आई विसरायला लागली त्याला बराच काळ झाला होता. आधी चष्मा, मग शब्द, मग पेटता गॅस. त्यातलं सगळं निभावलं. चष्म्याला दोरी बांधली, शब्द आपण पुरवले, गॅसचा मुख्य खटका कपाटाआड नेला. पण मग ती घरातून निघून जायला लागली. सांगून नाही, भांडून नाही. झाडांना पाणी घालता घालता झारी खाली ठेवायची आणि चालायला लागायची. बायको वरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर हिशेबशास्त्राचे क्लास घ्यायची. तिचा क्लास संपला की खाली झारी दिसायची आणि आई नसायची. सोबतीला बायका ठेवून पाहिल्या. पहिलीला आईने चोर ठरवलं. दुसरीला पाहुणी समजून दिवसभर इतका चहा पाजला की ती आपण होऊनच यायची थांबली. घराचं दार लावून ठेवलं तर आई आतून थापा मारायची. बाग दिसली नाही की तिचा जीव कासावीस व्हायचा. मग एक दिवस लॉन्ड्रीवाला तिला हाताला धरून घेऊन आला. मोठ्या रस्त्याच्या पार मधोमध उभी होती म्हणे, ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून. लॉन्ड्रीवाला गेला आणि हा आईवर ओरडला. असा ओरडला की वरून बायको क्लास सोडून धावत आली. आई त्याच्या बुटांकडे बघत होती. "आता नाही जाणार," ती म्हणाली, "रागावू नकोस." लहानपणी हाच असा बुटांकडे बघत उभा राहायचा, आणि तेव्हा ती असं ओरडत नसे. पण ओरडणं त्याला तितकं टोचलं नाही. टोचलं ते हे, की एवढं ओरडला आणि कुठे निघाली होतीस, एवढं विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते सुचलं, तर तोवर ती सगळं विसरून शांतपणे शेंगा सोलत होती.

"सरळ एक लोखंडी फाटक बसवू आणि कुलूप घालू," बायको म्हणाली होती. ती अशीच, मनात तेच ओठांवर.

"अगं, पण तिला काय वाटेल?"

"तिला काय वाटेल की तुला?"

पण कमानीची कल्पना त्याचीच. एका हॉटेलच्या तपासणीला गेला असताना हिरवळीवर त्याने तशी कमान पाहिली होती, खाली फाटक, वर फुलं, लोक तिच्यात उभे राहून फोटो काढत होते. तिथे कुणाला कुंपण दिसत नव्हतं. तेव्हाच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या वेळी त्याला वाटलं होतं की आपण केवढे प्रेमळ. लबाडी कधी कधी अशी प्रेमाचे कपडे घालूनच येते आणि आपण तिला खुर्ची देतो. घरी येऊन तो आईला म्हणाला, "बागेला एक छानशी कमान करू या का? तुझ्या वेलीसाठी." आईचा चेहरा असा उजळला, की त्याला तिथल्या तिथे मागे फिरावंसं वाटलं. फिरला नाही.

बागकामाच्या सामानाचं ते दुकान म्हणजे एक मोठी शेडच होती. कुठेही न नेणाऱ्या कमानी ओळीने उभ्या होत्या; एकीतून आत जायचं आणि दुसरीतून बाहेर पडायचं, तरी आपण दुकानातच. आई त्यांतून इकडून तिकडे फिरत होती, खुशीत होती. एका खांबावर तिने बोटाच्या पेराने टकटक केलं. "पोकळ आहे," ती म्हणाली.

"व्हिनाइल आहे आजी," विक्रेता म्हणाला. "आत लोखंडी पाइप येतो. लाकडासारखं कुजत नाही, वाळवी नाही, रंग द्यायला नको. फडक्याने पुसलं की नव्यासारखं."

"म्हणजे हे म्हातारं होतच नाही?"

"नाही ना आजी, हीच तर गंमत."

"मग कंटाळत असेल बिचारं," आई म्हणाली, आणि विक्रेता मनापासून हसला. बायकोही हसली. आईला गोल माथ्याची कमान आवडली होती, पुलासारखी वळलेली. तिच्याखाली उभी राहून ती वर बघत होती. पण गोल कमानीला फाटक येत नव्हतं. फाटक येत होतं ते सपाट माथ्याच्या, चौकटीसारख्या दिसणाऱ्या कमानीला. हे त्याने विक्रेत्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारून घेतलं होतं, जसं काही औषधाच्या दुकानात नको ती वस्तू मागावी. मग तो आईजवळ गेला. "आई, ही सपाट बघ ना. हिच्यावर वेल चांगली चढेल." आईने सपाट कमानीच्या गुळगुळीत खांबावरून तळवा फिरवला. वेलीबद्दल तिला सांगणारा तो कोण? ज्या बाईने उभा जन्म रोपं लावण्यात घालवला, तिची बोटं अजून काही विसरली नव्हती. "नाही चढणार," ती म्हणाली, "हिला धरायला काही नाहीच." मग तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि बहुधा त्याच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं, कारण ती लगेच म्हणाली, "पण तू म्हणतोस तर चढवू. बांधून बांधून चढवू." एवढ्यावर खरेदी झाली. परत येताना गाडीत ती मागे बसून गुणगुणत होती आणि बायको खिडकीबाहेर बघत होती.

फिटर येण्याच्या आदल्या संध्याकाळी, आई आत रेडिओ ऐकत असताना, त्याने भिंतीला टेकवून ठेवलेलं ते फाटक उभं केलं, मांडीने तोललं आणि त्यावरून हात पलीकडे सोडला. बोटं ताणली. जिथे पोचली तिथे पेन्सिलीने खूण केली. आई त्याच्यापेक्षा बुटकी, तिचा हात आखूड, म्हणजे खूण आणखी वर चालली असती. पण कधी ती टाचा उंचावेल, कधी कुंडी उपडी करून वर चढेल, म्हणून उलट तो वीतभर खालीच आला. कामात तो कधी हयगय करत नसे. जाळीची भोकं मोजली. त्यातून बोट जात होतं, मनगट जात नव्हतं. सगळं इतकं चोख झालं, की झाल्यावर त्याला स्वतःची किळस आली. नळाखाली बराच वेळ तो हात धूत राहिला. "काय रे साहेब, कुठे हात घालून आलास?" आईने रेडिओच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं. नोकरी लागली त्या दिवसापासून ती त्याला चिडवायला साहेब म्हणायची. बाकी नावं गळत गेली, हे राहिलं होतं.

फिटरने कडी बसवली, दोनदा वाजवून बघितली. खांबांच्या बुडाशी ओतलेलं सिमेंट अजून ओलं होतं. दोन दिवस कुणी टेकू नका, म्हणाला. तेवढ्यात आई त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली, ग्लासाखाली बशी धरून. "माझ्या मुलाने माझ्यासाठी केली हो कमान," तिने फिटरला सांगितलं. फिटर पाणी पिता पिता थांबला, त्याने याच्याकडे पाहिलं आणि मग कडीकडे. निदान याला तसं वाटलं. कदाचित नुसतं पाणी गार लागलं असेल. "छान केली हो आजी," फिटर म्हणाला आणि अवजारं गोळा करायला लागला. याला वाटलं, फिटरने काहीतरी बोलावं. एखादा टोमणा मारावा. म्हणजे मग आपल्याला चिडता येईल, आमच्या घरची परिस्थिती तुम्हाला काय माहीत, असं तोंडावर म्हणता येईल. पण तो आपला मेव्हण्याच्या गाडीचा निकाल लावत निघून गेला, आणि न झालेलं ते भांडण याच्याकडेच राहिलं.

आईने खांबाशी वेल लावली. जुन्या साडीच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेक फांदी प्लास्टिकला बांधत गेली. आवळून नाही, जरा सैल, वाढायला जागा ठेवून. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून बघत होत्या. त्यांनाही ती म्हणाली, माझ्या मुलाने केली. काकू म्हणाल्या, हल्ली अशी मुलं कुठे असतात हो. तो तेव्हा अंगणातच होता. त्याने मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. असं सारखं व्हायला लागलं. कुणी कमानीचं कौतुक केलं की तो नाडी शोधायचा. सकाळी ऑफिसला निघताना तो फाटक ओढून घ्यायचा आणि कडी दोन बोटांत धरून अलगद सरकवायचा, आवाज होऊ नये म्हणून. तरी शेवटी एक बारीक टक्‌ व्हायचंच. आई पलीकडून हात हलवायची. "लवकर ये रे." तो "हो" म्हणायचा आणि कोपऱ्यापर्यंत मागे वळून बघायचा नाही.

"आज बराच वेळ फाटकाशी उभी होती," एकदा बायको म्हणाली. "रडली वगैरे नाही. नुसती उभी."

"कडीशी काही खटपट?"

"तिला कडी आहे हेच कुठे माहीत आहे? तिला वाटतं फाटक अडकलंय. म्हणाली, तो आला की सांग, तेल घालील."

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. बायकोने ते पाहिलं. "हे बघ," ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "ट्रकखाली गेली असती तर? तेव्हा काय केलं असतंस? मी वर शिकवत असते, निदान माझा जीव थाऱ्यावर असतो आता. मलाही काही हौस नाही." ते खरं होतं. अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. कारखान्यांचे मालकही खरंच बोलत आले होते; चोऱ्या होतात साहेब, लोक मधूनच पळतात साहेब. खोटं कारण त्याला कुणी कधी दिलंच नव्हतं. त्याने जेवणानंतर खरोखरच तेलाचा डबा घेतला आणि आईच्या देखत बिजागऱ्यांना तेल घातलं. बिजागऱ्या नव्या कोऱ्या होत्या. "आता उघडेल बघ," तो म्हणाला. हे आपण का केलं ते त्याला कळलं नाही. आई समाधानाने म्हणाली, "तुला सांगितलं की काम होतं."

त्यानंतरच्याच आठवड्यात एका शिवणकामाच्या कारखान्याची तपासणी होती. लांबट खोली, मशीनच्या रांगा, कापडाच्या तुकड्यांचा वास, आणि मागच्या दाराला बाहेरून अडसर. तो नेहमीच्या जागी उभा राहिला, नेहमीसारखा मालकाकडे वळला आणि तोंड उघडलं. वाक्य येईना. मालक वाट बघत होता, हातात चहाचा कप पुढे केलेला. पहिल्या मशीनवरच्या बाईने पाय थांबवला, मग दुसरीने, आणि हळूहळू सगळी खोली शांत झाली. "दार," तो म्हणाला, "दार उघडा हे." एवढंच. आवाज असा फुटला, की मालक कप टाकून स्वतःच धावत बाहेर गेला, वळसा घालून. अडसर निघाल्याचा आवाज आला आणि खोलीभर ऊन पसरलं. बायका त्या उजेडाकडे बघत होत्या. एकीने डोळ्यांवर हात धरला. हा चहा न घेता बाहेर पडला, तसा तो कधीच घेत नसे. पण आज नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं म्हणून. ऑफिसला न जाता तो सरळ घरी निघाला. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. कडी उपटून टाकू, नोकरी सोडून आईजवळ बसू, बायकोला सांगू की माझं चुकलं, असं बसमध्ये खूप काही मनात आलं, आणि कोपऱ्यावर उतरेपर्यंत त्यातलं एकही शक्य नाही हे कळून चुकलं.

आई फाटकाशी उभी होती. केस विंचरलेले, पदर सारखा केलेला, पायांत बाहेरच्या चपला. दोन्ही हात फाटकाच्या कडेवर. तिने त्याला येताना पाहिलं आणि ती पुढे झुकली. त्याने हसून हात वर केला.

"अहो," ती म्हणाली, "अहो भाऊ, जरा ऐकता का?"

त्याला वाटलं चिडवते आहे. साहेब झालं, आता भाऊ. पण तिच्या डोळ्यांत चिडवणं नव्हतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे मदत मागताना असते ती अदब होती, आणि तिच्याखाली घाबरलेपण.

"हे फाटक जरा उघडून देता का? कुणीतरी बाहेरून लावलंय. माझा हात पोचत नाही हो."

"तुम्हाला कुठे जायचंय?" त्याने विचारलं. आईला तो पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होता.

"घरी. माझा मुलगा घरी एकटा आहे. शाळा सुटून आला असेल, आणि दाराला कुलूप. पायरीवर बसला असेल." तिने फाटकावरून त्याच्या खांद्यापलीकडे, रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. "रोज निघते मी, आणि रोज काहीतरी होतं. तो सांगत नाही कुणाला, पण भित्रा आहे. अंधार पडायला लागला की रडतो."

"किती मोठा आहे?"

"एवढा." तिने फाटकाच्या आत, आपल्या कमरेपाशी हात धरून दाखवला. "पण हुशार आहे हो. तो असता ना इथे, तर कधीच काढली असती कडी त्याने. मला असं उभं ठेवलं नसतं."

तो वाकला. कडी खाली होती, पेन्सिलीच्या खुणेच्याही वीतभर खाली, त्यामुळे त्याला बरंच वाकावं लागलं. कडी दोनदा निसटली, मग निघाली. आई लगबगीने बाहेर आली. "फार उपकार झाले," म्हणाली, आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने चालायला लागली. वरच्या खिडकीतून बायकोचा शिकवण्याचा आवाज येत होता. उद्या सकाळी आपण पुन्हा ही कडी बाहेरून लावणार आहोत हे त्याला माहीत होतं. दुसरं काही सुचणार नव्हतं, ना त्याला ना कुणाला. फाटक तसंच टाकून तो तिच्यामागे धावला आणि तिला गाठून तिच्या बरोबरीने चालायला लागला. तिने काही हरकत घेतली नाही. नाक्यावर गाड्या जोरात येत होत्या. रस्ता ओलांडायच्या आधी ती थांबली आणि तिने न बघताच त्याचा हात धरला, घट्ट, मनगटाच्या जरा खाली.

"दोन्हीकडे बघा हं," ती म्हणाली.

त्याने दोन्हीकडे बघितलं.